वाकड्या नाकाची लेखिका

बेलापूरला राहायला आल्यावर माझा धंदा चालला तो मेलेल्या माणसांवर. लोक पासपोर्टएवढा फोटो आणून द्यायचे आणि मी त्यावरून भिंतीवर लावायला मोठं रंगीत चित्र करून द्यायचे. चित्रकलेची पदविका घेतलेल्या बाईने हे काम करावं म्हणून कुणी नाक मुरडलं तर खुशाल मुरडू दे. गिऱ्हाइकांचं म्हणणं ठरलेलं असायचं. थोडं गोरं करा, सुरकुत्या घालवा, दात पुढे असतील तर तोंड मिटवा. मी सगळं करून द्यायचे.

नव्वदच्या दशकात आमच्या वरच्या मजल्यावर एक जर्मन लेखिका भाड्याने आली. साठीची, केस पोरासारखे कापलेले, नाक कधीतरी मोडून वाकडं बसलेलं. खाडीकडच्या बाल्कनीत बसून सकाळभर लिहायची आणि एकामागून एक सिगारेटी ओढायची. सोसायटीत तिच्याबद्दल काय काय बोललं जायचं ते सोडा, मला ती आवडली. एकदा जिन्यात गाठून माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, माझ्यासमोर बसाल का, मला जिवंत माणूस रंगवायचंय. ती म्हणाली, "मी लिहीत असताना काढ. नुसती बसले की फार शहाणी दिसते."

माझा त्यात स्वार्थ होता. गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये रहिवाशांच्या कलेचं प्रदर्शन भरायचं. माझ्या हातच्या एकाही चित्रावर माझं नाव नव्हतं, कारण गेलेल्या माणसावर सही कोण करू देणार? निदान एक चित्र माझ्या नावानिशी चारचौघांत लागावं, असं मला मनापासून वाटत होतं.

चित्र झालं तेव्हा तिने चष्मा चढवून ते पाहिलं. मग शांतपणे विचारलं, "मी कधी वारले?"

मी नीट पाहिलं. नाक सरळ, गळा गुळगुळीत, ओठ मिटलेले, बोटांतली सिगारेट गायब. मुळातच गोऱ्या असलेल्या बाईला मी आणखी गोरं करून ठेवलं होतं. हाताला लागलेली सवय, दुसरं काय? माझाच मला संताप आला. सगळा रंग खरवडून काढला आणि दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून सुरुवात केली. ते वाकडं नाक जमलं त्या दिवशी मी घरी गोड केलं.

प्रदर्शनाआधी आमचे सेक्रेटरी चित्र बघायला आले. भला माणूस, सरकारी कचेरीत नोकरीला.

"ताई, हात चांगलाय तुमचा. पण सणाचे दिवस, लेडीज येणार, मुलं येणार. ती सिगारेट तेवढी उडवा ना. आणि एक टिकली लावा, म्हणजे कसं, आपल्यातल्या वाटतील."

"त्या टिकली लावत नाहीत."

"चित्रात लावायला काय जातंय? दोन मिनिटांचं काम."

"दोन मिनिटंही लागणार नाहीत. पण मी करणार नाही."

"मग हॉलमध्ये नाही लागणार. कमिटीला तोंड मला द्यावं लागतं, उगाच टेन्शन नको."

मी वर जाऊन लेखिकेला सांगितलं. ती म्हणाली, बदलून टाक, मला काही वाटणार नाही, तुला तो हॉल हवाय. तिच्यावरही मी चिडले. म्हटलं, "चेहरा तुमचा असेल, पण चित्र माझं आहे."

आमच्याकडे दीड दिवसांचा गणपती. दर्शनाला अख्खी सोसायटी घरोघर जाते; न जाणं म्हणजे वर्षभराचं वैर. मखरासमोरच्या भिंतीवर मी खिळा ठोकला आणि चित्र लावलं. सासूबाई म्हणाल्या, "देवापुढे सिगारेट ओढणारी बाई?" मी म्हटलं, "देव सकाळपासून अगरबत्तीचा धूर खातोय, त्याला सवय आहे." त्या हसू दाबत दुर्वा निवडायला गेल्या.

लोक हात जोडून वळायचे आणि चित्रासमोर थबकायचे. काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या. भिंतीवर लावलेलं माणूस गेलेलंच असणार अशी आपली पक्की समजूत, कुणाकडे तरी गावाहून आलेल्या एका आजोबांनी हळहळून विचारलं, "कधी गेल्या?" लेखिकेला एव्हाना तेवढं मराठी कळायचं; ती कोपऱ्यात बसून मोदक खात होती. तिने तोंड भरलेलं असतानाच हात वर केला.

शेवटी सेक्रेटरी बायकोला घेऊन आले. ते चित्राकडे पाठ करून बसले. त्यांची बायको मात्र उभीच राहिली. लहानपणी देवी आलेल्या, सगळ्या चेहऱ्यावर वण. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांच्या तोंडून मी चार वाक्यं ऐकली नव्हती. त्यांनी ते नाक पाहिलं, गळ्याच्या सुरकुत्या पाहिल्या, खालचं माझं नाव वाचलं आणि माझ्याकडे वळल्या.

"माझं काढाल?"

"काढीन की."

"अगं, आपला लग्नातला फोटो देऊ ना त्यांना," सेक्रेटरी म्हणाले. "तो छान आलाय."

"त्यात स्टुडिओवाल्याने मला पुसलीय," त्या म्हणाल्या, आणि गालावर बोट ठेवून मला म्हणाल्या, "मी येऊन बसते. यातला एकही वण गाळायचा नाही."