पुलापर्यंतचा पाहुणा

प्रेन्दा आमच्या फुटबॉल क्लबचे कपडे धुते. एवढंच सांगितलं की बाहेरगावचे लोक हसतात. हसोत बापडे. द्रिनासचा क्लब आजवर टिकला तो काही अध्यक्षांच्या जिवावर नाही. अध्यक्ष आले, फोटो काढून घेतले, गेले. एक तर नवीन जाळी आणायला म्हणून राजधानीला गेला तो अजून यायचाय.

क्लब काढला तो क्रोमच्या खाणीतल्या लोकांनी. मग कम्युनिस्ट पक्षाचं राज्य आलं, पक्षानं क्लबला नाव दिलं, हिरवा शर्ट दिला आणि खेळाडूंना खाणीच्या हजेरीपटावर घातलं. त्या काळी आमचा गोलकीपर होता ज्योक, प्रेन्दाचा नवरा. तो मात्र खरंच खाणीत उतरायचा आणि एके दिवशी खाणीतच गाडला गेला. खाणीनं प्रेन्दाला मैदानाच्या भिंतीला लागून दोन खोल्या दिल्या आणि कपडे धुण्याचं काम दिलं. माझं कॉफीचं दुकान तिच्या घराला चिकटून आहे, त्यामुळं पुढचं सगळं मी जवळून पाहिलंय.

तिनं आयुष्यात एकच सामना पाहिला होता. त्यात आम्ही पाच गोल खाल्ले. तेव्हापासून ती भिंतीवरून नुसती डोकावली तरी सगळं मैदान ओरडायचं, "प्रेन्दा, आत जा! पाया पडतो, आत जा!" ती शिव्या देत आत जायची आणि धुणं आपटता आपटता लोकांच्या आवाजावरून सामना ओळखायची. मुलगा पाश्क मोठा झाला, बचावफळीत खेळायला लागला, कप्तान झाला, तरी तिनं त्याला खेळताना कधी बघितलं नाही. गावाचं नशीब तिच्या डोळ्यांना बांधलेलं होतं, दुसरं काय!

मग पक्षाचं राज्य गेलं, खाण बंद पडली. निम्मी टीम ग्रीसला सामना खेळायला गेली ती तिकडंच राहिली. पाश्क तेवढा परत आला. "आई एकटी आहे," म्हणाला. गावात अभिमान बाळगायला उरलं होतं तरी काय? पहिल्या विभागात खेळणारा क्लब आणि पाश्क.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात हंगामाचा शेवटचा सामना आमच्याकडं होता. बरोबरी झाली असती तरी आम्ही पहिल्या विभागात राहिलो असतो. आदल्या वर्षी सरकारची हत्यारांची कोठारं फुटली होती आणि घराघरात बंदूक आली होती. आम्ही गोल केला की गच्च्यांवरून हवेत गोळ्या सुटायच्या. त्या दिवशी मात्र गोल होईना, आणि बंदुका नुसत्याच मांडीवर होत्या.

सामना संपत आला आणि दक्षिणेकडून आलेल्या त्या उंच रेफरीनं शिट्टी मारून आमच्या गोलसमोर बोट दाखवलं. पेनल्टी! म्हणे पाश्कच्या हाताला चेंडू लागला. पाश्क छाती बडवत त्याच्या अंगावर धावला, "छातीला लागला! छातीला!" आमच्यापैकी अर्ध्यांना तर चेंडूच दिसला नव्हता, पण छातीला लागलेला सगळ्यांनी पाहिला. पाहुण्या टीमनं पेनल्टी मारली, गोल झाला, आणि थोड्या वेळानं शेवटची शिट्टी वाजली.

कुंपण कसं पडलं ते मला माहीत नाही. दोन पोलीस होते, ते सगळ्यांत आधी पळाले. पाहुण्यांची बस दोन्ही लाइन्समनना घेऊन सुसाट निघून गेली. रेफरी मागं राहिला. कुणाचा तरी रेनकोट अंगावर ओढून तो भिंतीवरून पलीकडं पडला, थेट प्रेन्दाच्या परसात.

आत काय झालं ते तिनंच नंतर मला सांगितलं. मागच्या दारात चिखलानं माखलेला एक माणूस उभा. म्हणाला, "घरधनीणबाई, पाहुणा घेता का?"

असं विचारल्यावर आमच्यात एकच उत्तर असतं. कोण, कुठला, हे कॉफी पिऊन होईपर्यंत विचारायचं नाही, आणि घरची कॉफी पोटात गेली की त्याच्या जिवाची जबाबदारी घराची. तिनं त्याला चुलीजवळ बसवलं, कॉफी उकळली, कप हातात दिला. त्यानं तो घटाघटा संपवला.

मग तिनं विचारलं, "मैदानावरनं आलास ना? काय झालं रे?"

"तुमची टीम हरली, बाई."

"हरली? कशानं?"

"पेनल्टीनं."

"कुठल्या मेल्यानं दिली?"

त्यानं कप खाली ठेवला. "मी."

तेवढ्यात दारावर धक्के बसायला लागले.

मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो. निम्मं गाव त्या अरुंद गल्लीत कोंबलेलं, आणि सगळ्यांत पुढं हिरव्या शर्टातला पाश्क. कुणीतरी त्याच्या हातात बंदूक दिली होती. प्रेन्दानं दार उघडलं आणि चौकटीत उभी राहिली.

"आई, बाजूला हो."

"आत पाहुणा आहे."

"पाहुणा कसला, चोर आहे तो! क्लब बुडवला त्यानं!"

"कॉफी प्यायलाय."

 मागून कुणीतरी आशेनं विचारलं, "काकू, सगळी प्यायला की अर्धीच?"

"गाळासकट प्यायला. आता काय करू, ओकायला लावू? पाश्क, हे घर तुझ्या बापाचं आहे. बापाच्या उंबऱ्यावर पाहुण्याचं रक्त सांडायचं असेल तर आधी माझ्यावर झाड गोळी."

पाश्कच्या जबड्याचं हाड हलताना मला दिसत होतं. तो काही अडाणी नव्हता, रीत त्यालाही ठाऊक होती. आणि रीतीतली फटही.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पुलापर्यंत तो आपला पाहुणा. पुलापलीकडं तो माझा."

ते खरंच होतं. आमच्याकडं घरचं माणूस पुढं चालत पाहुण्याला गावच्या पुलापर्यंत सोडतं, वाटेसाठी भाकरी देतं आणि मागं फिरतं. त्यानंतर पाहुण्याचं बरंवाईट त्या घराच्या माथी नसतं. पाश्क वळला आणि पुलाकडं निघाला. त्याच्या मागं गल्ली रिकामी झाली. मी ओरडून सांगितलं, "अरे, मूर्खांनो, एका पेनल्टीपायी जन्मठेप भोगाल!" पण त्या दिवशी माझं ऐकतो कोण?

थोड्या वेळानं प्रेन्दा बाहेर आली. पायात घरातल्याच चपला, हातात फडक्यात बांधलेली मक्याची भाकरी. तिच्या मागं तो उंच माणूस, पांढराफटक पडलेला. मीही मागोमाग गेलो. वाटेत मी हळूच तिला म्हणालो, "प्रेन्दा, हात लागला होता का ते विचार तरी त्याला."

"पाहुण्याला असलं विचारत नाहीत, ल्येश. तू गप चाल."

मला तिचा राग आला. एवढी कसली ती रीत! पुलापलीकडं मुलगा बंदूक घेऊन उभा आहे. त्यानं चाप ओढला तर मुलगा गेला, आणि त्या मेलेल्या माणसाचे भाऊबंद कधी ना कधी हिशेब चुकता करायला येणार, म्हणजे मुलगा दोनदा गेला. आणि ही बाई जेवण पोचवायला निघाल्यासारखी चाललीय.

पूल लाकडी आहे, खाली नदी आवाज करते. पाश्क पलीकडच्या टोकाला मधोमध उभा होता. माणसं त्याच्या मागं, काही कठड्यांवर. प्रेन्दा शेवटच्या फळीपर्यंत गेली आणि थांबली. इथं भाकरी पाहुण्याच्या हातात द्यायची आणि मागं फिरायचं. रेफरीनं हात पुढं केला. 

तिनं भाकरी त्याला दिली नाही. फडकं सोडलं, भाकरी दोन्ही तळव्यांवर घेतली आणि मुलासमोर धरली.

"ठेव हात."

"आई..."

"चेंडू छातीला लागला म्हणतोस ना? मग भाकरीवर हात ठेव आणि तसं म्हण. तसं म्हटलंस की मी बाजूला होते. मग तू जाणे आणि तुझा देव जाणे."

भाकरीची खोटी शपथ आमच्यात कुणी घेत नाही. कोर्टात घेतील, बायकोसमोर घेतील, पक्षाच्या सभेत तर रोज घ्यायचे. भाकरीची नाही. मागून लोक म्हणाले, "ठेव रे पाश्क! ठेव आणि मोकळा हो!" कठड्यावरच्या एकानं तर हसून टाळी वाजवली.

पाश्कनं उजवा हात बंदुकीवरून काढला. भाकरीपर्यंत नेला. आणि तो हात तिथंच राहिला, भाकरीच्या वर, अधांतरी. नदीचा आवाज तेवढा येत होता. सगळं गाव त्या हाताकडं बघत होतं. मग त्यानं तो हात मागं घेतला, शर्टाला पुसला आणि कुणाकडंही न बघता बाजूला झाला.

 माणसं वाट देत मागं सरली. प्रेन्दानं भाकरी पुन्हा बांधली, रेफरीच्या हातात दिली आणि त्याच्या पुढं तशीच चालत राहिली, पूल ओलांडून, वळणापलीकडं, पार मोठ्या रस्त्यावर ट्रक मिळेपर्यंत.

आम्ही दुसऱ्या विभागात गेलो. पाश्क त्याच उन्हाळ्यात इटलीला गेला. बांधकामावर असतो, पैसे पाठवतो, फोन कमी करतो. प्रेन्दा अजून शर्ट धुते. सामना असला की लोक आता तिला म्हणतात, "काकू, या ना बघायला, आता आणखी काय बिघडणार?" ती येत नाही.

मध्ये एकदा ती माझ्याकडं कॉफीला बसली होती, तेव्हा मी न राहवून म्हणालो, "पण काय डोकं लढवलंस त्या दिवशी! तुला बरोबर माहीत होतं, तो हात ठेवणार नाही म्हणून."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला पायरीवरून उठून जावंसं वाटलं.

"माहीत असतं तर सगळ्या गावासमोर विचारलं असतं का रे, ल्येश?" ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तो ठेवील."