ताईंनी दिलेला अर्धा दिवस

नलूताई गेल्याचं त्यांच्या मुलीनं, ईरानं, फोनवर सांगितलं. ईरा जर्मनीत वाढलेली. मराठी समजतं, पण बोलते जर्मनमध्ये. त्या दिवशी मात्र फोन ठेवता ठेवता म्हणाली, "मावशी, आई गेली..." तिच्या तोंडून मराठी मी पहिल्यांदाच ऐकलं.

ताई आणि मी जर्मनीच्या सीमेजवळ ट्रिअरला राहायचो आणि रोज सकाळी आगगाडीनं मोझेल नदी ओलांडून लक्झेंबर्गला नोकरीला जायचो. पोलादी तुळया परदेशी पाठवणारी छोटीशी कंपनी. ताई निर्यात विभागात मुरलेल्या, मी नवखी. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं, "एवढासा देश, इतका श्रीमंत कसा हो?" ताई हसल्या. "अगं, यांचं सगळं उघड्या दारावर चालतं. माल बाहेर जातो, पैसा बाहेरून येतो, कामाला माणसंसुद्धा तुझ्यामाझ्यासारखी बाहेरून येतात. म्हणून तर इथला पाववालाही तीन भाषा बोलतो."

मग परदेशातली बांधकामं थंडावली आणि आमच्या ऑर्डरी आटल्या. विभागातून एकीला कमी करायचं ठरलं. नवी म्हणून अर्थातच मला. नवऱ्याची विद्यापीठातली शिष्यवृत्ती नुकतीच संपलेली, मुलगी रांगती, घर माझ्या पगारावर. परतीच्या गाडीत मला रडू आवरेना. ताईंनी पोह्यांचा डबा पुढे केला... दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या थेट साहेबांसमोर उभ्या राहिल्या. "मी अर्धा दिवस येते. उरलेला अर्धा हिला द्या." साहेबांनी बजावलं, पेन्शनही कमी होईल. "हो, हो, ठाऊक आहे मला," ताई म्हणाल्या. ईराचं शिक्षण तेव्हा चालू होतं आणि घरात कमावत्या त्या एकट्याच.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "ताई, हे मला घेववत नाही."

"मग काय करशील, बॅगा भरशील? ऑर्डरी येतील परत. तोवर इटालियन शीक. तिकडची गिऱ्हाइकं जुनी आहेत, तीच आधी वळतील."

मी शिकले. ताई दुपारी घरी जायच्या आणि मी त्यांच्याच टेबलावर बसायचे. पुढच्या वर्षी मिलानहून खरोखरच पहिली मोठी ऑर्डर आली, तीही माझ्या मोडक्यातोडक्या इटालियनवर. हळूहळू आम्ही दोघी पुन्हा पूर्ण वेळ कामाला लागलो. उपकाराचा विषय काढला की ताई जर्मनमध्ये "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे "बरोबर, बरोबर", म्हणत मला गप्प करायच्या. शेवटच्या आजारपणातही मी तो काढला, तर म्हणाल्या, "गिऱ्हाइकं कशी आहेत ते सांग."

गिऱ्हाइकाशी फोनवर बोलताना ताई कायम उभ्या राहायच्या. कोणी हसलं तर म्हणायच्या, "पाहुणा दारात आल्यावर आपण बसून राहतो का?" परवा मिलानचा फोन आला. बराच वेळ बोलणं झालं. फोन ठेवला तेव्हा कळलं, खुर्ची मागे सरकवून मी केव्हाची उभी होते.