त्सुबा आणि तांब्या

निघायच्या दिवशी आप्पांनी माझ्या बॅगेचं वजन तीनदा केलं, कपडे काढायला लावले आणि मग स्वतःच त्या जागी एक तांब्या कोंबला. स्वतः ठोकलेला, सकाळीच चिंच-मीठ लावून उजळलेला. सोबत चिंचेचा गोळा, तीन पिशव्यांत गुंडाळून. “तिकडं खारी हवा. तांबं काळं पडू देऊ नकोस. काळं भांडं म्हणजे घरात माणूस नाही,” ते म्हणाले. पुण्यातल्या तांबट आळीत हे वाक्य ऐकतच मी वाढले होते. आई रडत होती आणि आप्पा बॅगेची चेन ओढत होते.

शारजात अल नहदाला खोली घेतली. नोकरी दुबईत, एका धनिकाच्या खासगी संग्रहात जुन्या वस्तूंच्या नोंदी ठेवायची. तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना पहिल्या वर्षाबद्दल काही सांगायला नको. दर रविवारी मी तांब्या घासायचे. तेवढा वेळ घरी असल्यासारखं वाटायचं.

त्याच वर्षी संग्रहात एक पुरातन जपानी तलवार आली. पात्यातलं मला काही कळत नव्हतं, जीव अडकला तो तिच्या साजात. मुठीवर बसवलेले सोन्याचे इवले मासे, आणि मूठ नि पात्याच्या मध्ये बसणारी एक गोल चकती. हात पात्यावर घसरू नये म्हणून असते ती, तिला त्सुबा म्हणतात. तांब्याची, किंचित सोनं मिसळलेली, वर उडणारे दोन बगळे. पण काळीकुट्ट. तपासणीसाठी सगळे भाग सुटे करून मखमलीवर ठेवले होते, आणि कोरड्या कापडाशिवाय काही लावायचं नाही अशी ताकीद होती.

मग खंडेनवमी आली. आळीत त्या दिवशी हातोडे धुऊन त्यांना झेंडू वाहतात. इथं माझ्यासमोर खरंखुरं शस्त्र होतं आणि त्याचा दागिना काळा. माझे वरिष्ठ मोरितासान, तलवारींचे जपानी जाणकार, मीटिंगला गेले होते. पँट्रीत माझ्या तांब्याच्या बाटलीसाठी ठेवलेली चिंच होती. दोन मिनिटांत त्सुबा लखलखली. मी तिला मनोभावे नमस्कारसुद्धा केला. इतकी मूर्ख मी पुन्हा कधी झाले नाही.

मोरितासान आले, त्यांनी पाहिलं आणि हळूच खुर्चीवर बसले. मीच सांगितलं, “सर, आय क्लीन्ड इट. विथ टॅमरिंड.”

“हू टॉट यू?”

“माय फादर. ही मेक्स कॉपर पॉट्स.”

“युवर फादर इज अ गुड टीचर,” ते म्हणाले. “बट धिस वॉज नॉट डर्ट. समवन मेड धिस ब्लॅक.”

मग त्यांनी समजावलं. कारागीर धातूला मुळ्याचा कीस चोळतो, औषधी पाण्यात उकळतो, आणि तो काळा रंग मुद्दाम आणतो. पुढं पिढ्यान्‌पिढ्या हात लागून तो गहिरा होतो. आपण चिंचेनं उजळतो, ते मुळ्यानं काळं करतात. मी भीतीनं गारठले होते. इथं नोकरी गेली की व्हिसा गेला. नोकरी त्यांच्या शब्दामुळं वाचली, पण सहा महिने मला कशालाही हात लावू दिला नाही. त्सुबा जपानला जाऊन काळी होऊन आली. “न्यू ब्लॅक,” मोरितासान म्हणाले. जुना गेला तो गेलाच.

त्सुबा परत आली त्याच आठवड्यात रविवारी तांब्या घासायला घेतला आणि हात थांबला. कडेचे ठोके बोथट झाले होते. आप्पांच्या हातोडीचे ठोके, माझ्या घासण्यानं झिजलेले. तेव्हापासून मी त्याला चिंच लावली नाही.

हे आप्पांना कसं सांगणार? त्यांचा जन्म तांबं उजळण्यात गेला. तुम्ही प्रेमानं केलंत त्यानं वस्तू झिजते, असं बापाला कुठल्या तोंडानं सांगायचं? दर दसऱ्याला ते फोनवर विचारायचे, “लखलखतोय ना गं?” मी म्हणायचे, “हो आप्पा.” सात वर्षं खोटं बोलले, आणि दर वेळी लाज वाटली.

यंदाच्या हिवाळ्यात ते पहिल्यांदा इथं आले. भट्टी बंद झालेली, हात थरथरणारे. तांब्या लपवावा असं मनात आलं होतं, पण मी तो रोजच्याच जागी ठेवला. पहिल्याच सकाळी पाणी घ्यायला ते ओट्याशी गेले आणि थांबले. मी दारात अंग चोरून उभी.

त्यांनी तांब्या खिडकीच्या उजेडात फिरवला. बूड काळं, पोट गडद तपकिरी, आणि गळ्यापाशी, मी रोज धरते तिथं, बोटांच्या चार गुळगुळीत जागा. त्यांनी कडेचे ठोके अंगठ्यानं चाचपले.

“आप्पा, चिंच आहे घरात. आत्ता घासते,” मी म्हटलं.

माझ्या बोटांच्या जागांवर त्यांनी आपली बोटं ठेवली, एकेक करून, नीट बसेपर्यंत.

“राहू दे,” ते म्हणाले. “माणूस आहे की घरात.”