साडूंचा चष्मा आणि गच्चीवरची खोली

साऱ्या जगाच्या मनातली अढी काढायला निघालेला, पण स्वतःच्या खिशातली किल्ली काही केल्या न काढणारा माणूस बघायचा असेल, तर जालन्याला या. ते माझे साडू. जन्मभर कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं, आणि निवृत्तीच्या तोंडावर कुठल्याशा संशोधनासाठी त्यांच्या हाती एक चष्मा पडला. चष्मा कसला, डोळ्यांवर बांधायचा डबाच तो! तो लावला की समोर आरसा दिसतो आणि आरशात आपण नसतो. आफ्रिकेतला एक काळाभोर तरुण असतो. आपण हात वर केला की तो वर करतो. मग त्याच्याच अंगाने एका गल्लीत दारोदार खोली मागत हिंडायचं, आणि प्रत्येक दारात नकार ऐकायचा. "दुसऱ्याच्या कातडीत शिरल्याबिगर माणूस सुधरत न्हाई, पाव्हणं," हे साडूंचं ब्रह्मवाक्य. नट परवडत नव्हते, म्हणून चष्म्यातल्या त्या गल्लीतले झाडून सगळे घरमालक साडूंनी स्वतःच्या आवाजात बोलून काढले, तेही ऐन मे महिन्यात, बाहेरचा आवाज नको म्हणून डोक्यावर गोधडी घेऊन. खेकसणारा, विषय बदलणारा, आणि शेवटचा गोड बोलणारा. एवढं करून स्वतः मात्र तो चष्मा कधी लावला नाही. का, तर चक्कर येते!

बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत चष्मा घालून ते जिल्हाभर हिंडत. राजूरला चतुर्थीच्या गर्दीत त्यांनी एका पेढेवाल्याला चष्मा बांधला. तो बिचारा आतल्या गल्लीत दारं वाजवत राहिला आणि बाहेर गिऱ्हाइकांनी पेढे चाखून निम्मी परात खाली केली. वाटूरच्या फाट्यावर एक शेतकरी बराच वेळ आरशात बघत राहिला. साडूंना वाटलं, झालं परिवर्तन. "काय वाटून राह्यलं?" त्यांनी हळुवारपणे विचारलं. "सर, ह्याचा शर्ट लई भारी हाय. कुठं भेटंल?" साडूंनी हे उत्तरही आनंदाने जमेस धरलं. म्हणाले, "बघा, आपुलकी निर्माण झाली!"

आता आरशातला तो तरुण म्हणजे खराखुरा जोसेफ. टांझानियातून एका बियाणे कंपनीत शिकायला आलेला, हसतमुख, चहाच्या टपरीवर हिंदी शिकलेला पोरगा. साडूंनी त्याचेच फोटो काढून ती आकृती करवून घेतली होती. कंपनीची खोली त्याला महिनाअखेर सोडायची होती आणि साऱ्या जालन्यात त्याला खोली मिळेना. साडूंच्या गच्चीवरची खोली तर मुलगा पुण्याला गेल्यापासून कुलपात. एकदा चहा पिता पिता जोसेफने सरळच विचारलं, "सर, ऊपर का रूम खाली है ना?"

साडू खाकरले. "माझं तर काहीच न्हाई रे. पण आधी गल्ली तयार झाली पाहिजे ना."

मेव्हणीने माझ्याकडे बघितलं, मी कपबशीकडे बघितलं.

झालं! दुसऱ्या दिवसापासून साडूंनी गल्ली तयार करायला घेतली. एकालाही सोडलं नाही. शेजारच्या गादीवाल्या चाचांनी दोन दारं वाजवून चष्मा काढून ठेवला. "सर, ये तो मैं बगैर चश्मे के देख चुका. लडके के वास्ते खोली ढूंढा था ना पुने में." बाकीच्यांनी चष्म्यातली गल्ली पार केली आणि म्हणाले, आमची काय हरकत? राहू दे की पोराला! आता साडूंची पंचाईत झाली. "एकदम विश्वास ठेवू नये. पुन्हा एकदा तपासू," असं म्हणून त्यांनी चष्मा पहिल्या घरापासून परत फिरवायला काढला. मेव्हणीने तोवर कुलपाबाहेरची गच्ची दोनदा झाडून ठेवली होती.

महिना संपला. जोसेफ चाचांच्या दुकानामागच्या खोलीत राहायला गेला. साडूंनी स्वतः त्याची पेटी उचलून नेली, वर "प्रयोग यशस्वी!" असंही जाहीर केलं. जोसेफ हसला. "सर, चश्मे में आपने कभी देखा? एक बार देखो."

संध्याकाळी मी गच्चीवर गेलो तर साडू चष्मा बांधून उभे. हवेतली दारं वाजवत, आपल्याच आवाजातले नकार ऐकत एकेक पाऊल सरकत होते. शेवटच्या दारापाशी खूप वेळ थांबले. मग चष्मा काढला.

"चक्कर आली का?"

"न्हाई." ते कठड्यावर बसले. "पाव्हणं, तो शेवटचा लई गोड बोलून राह्यला. 'माझं तर काहीच न्हाई, पण गल्ली तयार न्हाई.' मी जोसेफला असंच म्हनलो का?"

"बराबर असंच," मी म्हणालो. खोटं बोलणं जिवावर आलं, आणि खरं बोलूनही वाईटच वाटलं.

तसेच उठून ते किल्ली घेऊन चाचांकडे गेले. जोसेफ जेवायला बसला होता. त्याने साडूंचा हात धरून त्यांना शेजारी बसवून घेतलं. "अब रहने दो सर. चाची नाराज होगी."

शिक्षण संपवून जोसेफ कधीच आपल्या देशी गेला. साडू अजून पिशवी घेऊन हिंडतात. फक्त आता चष्मा आधी स्वतः लावतात, मग दुसऱ्याला देतात. गच्चीवरच्या खोलीचं कुलूप त्यांनी काढून टाकलंय. परवा पुण्याहून मुलाचा फोन आला, खोली भाड्याने का देत नाही म्हणून. गल्ली अजून तयार नाही का, असं त्याने चिडवलंही.

"गल्ली कव्हाच तयार होती रे," साडू म्हणाले. "मलाच उशीर झाला."