गजाचे केस
नातीनं व्हायोलिनची पेटी उघडली, राळेचा वास आला आणि मी एकदम गंगाखेडच्या तबेल्यात जाऊन उभा राहिलो. निजामाचं राज्य होतं आणि मी पोलिसांच्या अमीनसाहेबांच्या पांढऱ्या घोड्याचा मोतद्दार होतो. भर दुपारी नाटक कंपनीचा फिडलवाला आला. फिडलवर फिरवायच्या त्याच्या गजाचे केस झडले होते. "आज फिडल वाजली न्हाई तर मालक काढून टाकतो मला. शेपटीची एक बट दे," तो म्हणाला. ती शेपटी साहेब रोज स्वतः विंचरायचे. कळलं असतं तर माझी चामडी सोलली असती. तरी मी लगाम धरला. कात्री बघून घोडा लाथा झाडायला लागला, अन् नेमका दाराशी साहेबांचा खोकला ऐकू आला. फिडलवाल्यानं आतली बट कापली आणि भिंतीवरून उडी टाकली. संध्याकाळी साहेब पहिल्या रांगेत बसून फिडलवर डोलत होते. मागं मी घामानं भिजलो होतो. खेळ सुटल्यावर त्यांनी शेपटीवरून सावकाश हात फिरवला, माझ्याकडं पाहिलं आणि रिकिबीत पाय घालत म्हणाले, "हमारा घोडा अच्छा गाता रे." नात वाजवायला लागली की तिला वाटतं, आजोबा सूर ऐकतात. मी अजून तो खोकला येतो का, ते ऐकत असतो.