सिंथेटिकच टाकलंय, चाचा

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. माझे थोरले भाऊ, अण्णा, जायच्या आधी मी त्यांच्या उशाशी तीन दिवस बसून होतो. तेव्हाही ती ओठांपर्यंत आली, आणि मी गिळली. मग आज तुम्हाला का सांगतोय? परवा पुतण्यानं विचारलं म्हणून. त्यानं नवी गाडी घेतलीय. म्हणाला, "काका, इंजिनात सिंथेटिक ऑईल घालू का साधंच?" साधा प्रश्न. मी म्हटलं, "कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय ते घाल," आणि चहा अर्धा टाकून उठलो. त्याला वाटलं, म्हातारा चिडका झालाय. चिडका मी आधीपासूनच आहे — पण ते कारण नव्हतं.

आमची एकच गाडी होती, दहा चाकी. अण्णा मालक, मी ड्रायव्हर. लातूरहून तूरडाळ भरून नांदेडला जायचं, तिकडून हळद नाहीतर कापसाच्या गाठी आणायच्या. लोह्याच्या पुढं सकाळी सकाळी हवा अशी गार लागायची, की मी मुद्दाम काच खाली करून गाडी हाकायचो. आता तो रस्ता चौपदरी झालाय, चांगला झालाय, आणि मला त्याच्यावर एक ओळखीचं झाड सापडत नाही.

आणि गफूरचाचांचं गॅरेज! गॅरेज कसलं, पत्र्याचं शेड आणि दारात एक लिंब. चाचा पान्याला हात लावायच्या आधी इंजिनातली ऑईल मोजायची पट्टी काढून तिच्यावरचं ऑईल अंगठ्यानं नि बोटानं चोळायचे, नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे. मग सांगायचे — ह्याच्यात डिझेल उतरलंय, हे भेसळीचं हाय, हे अजून महिनाभर चालतंय. कधी चुकले नाहीत. गाडीचं दुखणं डोळे मिटून सांगणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. मला गाडी चालवायला अण्णांनी शिकवलं असेल, पण गाडी ऐकायला चाचांनी शिकवलं.

खंडेनवमीला गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून त्यांच्या दारात रांगेनं उभ्या राहायच्या. त्या दिवशी इंजिनात नवं ऑईल घालायचं आणि पहिली धार चाचांच्या हातची, हा आमच्याकडचा रिवाज. अण्णा बॉनेटला विभूती लावून नारळ फोडायचे, चाचा बिस्मिल्ला म्हणून ऑईल ओतायचे, मग दोघं मिळून खोबरं वाटायचे. कुणालाच त्यात काही वेगळं वाटायचं नाही. किती चांगले दिवस होते — आणि मीच त्यात माती कालवली.

त्या वर्षी नेमकं खंडेनवमीलाच चाचांच्या मुलीचं बाळंतपण होतं, देगलूरला. जायच्या आधी ते अण्णांना सांगून गेले, "ह्या बारीला सिंथेटिक घाला अण्णा. लोड लई राहतो तुमचा. गरम झालं तरी फाटत न्हाई, साध्याच्या दुप्पट चालतंय." आणि रंगाचा ब्रश घेऊन केबिनच्या माझ्या बाजूच्या दारावर आतून, पुढचं ऑईल कुठल्या किलोमीटरला बदलायचं तो आकडाही लिहून ठेवला. दुप्पट अंतराचा.

मला कुणी विचारलं? बारा वर्षं ती गाडी माझ्या हाताखाली होती. ठरवलं त्या दोघांनी, आणि मला फक्त हुकूम — नांदेडहून बादली घेऊन ये.

नांदेडच्या दुकानदारानं दोन्ही ऑईलं बोटावर घालून दाखवली. सिंथेटिक पातळ, पाण्यासारखं पळणारं. साधं कसं घट्ट, चिकट, बोट सोडत नव्हतं. आम्हा जुन्या ड्रायव्हरांचा एकच हिशेब — घट्ट ते दमदार. मनात म्हटलं, चाचांना काय, त्यांना नवीन काही दिसलं की कौतुक. मी साध्याची बादली घेतली, तिथंच भरून टाकलं. घरी अण्णांनी विचारलं, "टाकलं का सिंथेटिक?" मी म्हटलं, "टाकलं." एका शब्दाचं खोटं. त्यात फसवायचं असं काही नव्हतं, असं तेव्हा वाटलं. माझंच खरं करून दाखवीन आणि मग हसत सांगीन, असं ठरवलं होतं.

पण खोटं बोललं की ते निभवावं लागतं. साधं ऑईल निम्म्या अंतरावरच बदलायला हवं होतं. बदललं असतं तर अण्णा म्हणाले असते, एवढ्यात कसं? मग मी रोज पट्टी काढून बघायचो. ऑईल डांबरासारखं काळं, जाड. आणि मी येडा त्यावर खूश! मला वाटायचं, बघा, अजून घट्ट आहे, दम आहे अजून. ते जळून घट्ट झालंय, हे मला कळायला नको होतं?

लातूरच्या अलीकडे भर दुपारी, भरल्या लोडवर, इंजिन जाम झालं.

गाडी ओढून चाचांच्या दारात आणली. त्यांनी खालून ऑईलचं चेंबर उघडलं, तो काळा गाळ बोटावर घेतला, चोळला, हुंगला. परत हुंगला. मग माझ्याकडं बघितलं. रागानं नाही — गोंधळून.

"शिवाप्पा, ह्याला सिंथेटिकचा वास न्हाई."

अण्णा बाजूला उभे होते. ट्रकच्या अड्ड्यावरचे चार-पाच ड्रायव्हरही. तेवढाच क्षण होता. शिव्या बसल्या असत्या, फार तर दोन महिने अण्णा बोलले नसते. मी म्हटलं, "सिंथेटिकच टाकलंय, चाचा. तुम्ही सांगितलं तेच."

माझा शब्द खोटा असेल, हे त्यांच्या मनातच आलं नाही. आपल्या हातचा माणूस खोटं कसा बोलेल? त्यांनी बोटं परत नाकाशी नेली आणि हळूच म्हणाले, "मग माझ्याच नाकाला काही झालं असंल."

अण्णा त्यांना नको ते बोलले. अड्ड्यावर बातमी पसरली, की चाचांच्या सल्ल्यानं इंजिन गेलं. पुढच्या खंडेनवमीला त्यांच्या दारात तीनच गाड्या होत्या. आमची नव्हती. तरी तेही मी सोसलं असतं. माणसं येतात, जातात. पण त्यांनी ऑईल हुंगणंच सोडलं. पट्टी काढायची आणि पुसून परत ठेवायची. कुणी विचारलं तर म्हणायचे, किलोमीटर किती झाले ते सांगा. त्यांचं गिऱ्हाईक गेलं ते अण्णांच्या तोंडामुळं. त्यांचा स्वतःवरचा भरवसा मात्र मी घालवला.

चाचा आता देगलूरला मुलीकडं असतात. नंबर माझ्याकडं आहे. मी हे तुम्हाला सांगतोय, त्यांना नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

शेड बंद करायच्या आधी एकदा मी सहज गेलो होतो. कुणाचा तरी टेम्पो उभा होता. चाचांनी पट्टी काढली आणि ती माझ्याकडं धरली. "तूच बघ रे शिवाप्पा. तुझ्या बोटाला कळतंय. माझं काही खरं न्हाई आता."

मी ऑईल चोळलं, हुंगलं. म्हटलं, "बदला, चाचा."

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. पाना घेतला आणि टेम्पोखाली गेले.