काजूचं तेल आणि जळकी तार

आमचे हे महाडात डॉक्टरकी करायचे. मुंबईहून त्यांनी एक जुनी मोटारसायकल आणली आणि माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे मामंजींचं, डोकं फिरलं. गाडीवरून नव्हे, मी मागं बसते म्हणून. "भर बाजारातनं सून अशी फटफटत जाणार? शोभतं का हे?" मी पदर दातांत धरायची आणि बसायची. पोलादपूरला माझी आई अंथरुणाला खिळली होती. पूर्वी वर्षातून एकदा बैलगाडीनं माहेर दिसायचं, आता दर रविवारी आईचा हात हातात घेता यायचा. लोकांना काय, देवानं तोंड दिलंय, बोलतात.

वैशाखात गाडी बंद पडली. लाथा मारून मारून ह्यांचा पाय सुजला, पण ठिणगीच पडेना. पुढचा दिवाही लागेना. ह्यांनी प्लग घासला, बॅटरी भरून आणली. दिवा काढून नुसता बॅटरीला धरला की लख्ख पेटायचा, गाडीत बसवला की मेलेला. असे दोन रविवार गेले. पोलादपूरहून निरोप आला, आई दाराकडे तोंड करून पडून असते, जेवण नको म्हणते. माझा जीव थाऱ्यावर राहीना. मी सरळ म्हटलं, "गाडी होत नसेल तर बैल जुंपा." बैल शेतावर राबाचा, म्हणजे भाताच्या वाफ्यात जाळायचा, पाला ओढत होते. मामंजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मी दिवसभर भांडी आपटली.

पुढच्या रविवारी ह्यांनी गाडी अंगणात उघडून ठेवली आणि मी शेजारी बसले. बॅटरीतून दोन तारा निघत होत्या. एक दिव्याकडे नि ठिणगीकडे जाणारी, दुसरी गाडीच्या लोखंडी सांगाड्याला बोल्टानं आवळलेली. वीज तारेनं जाते आणि लोखंडातनं परत येते, असं ह्यांनी मला समजावलं. ती परतीची तार बोल्टापाशी जळून काळी ठिक्कर पडली होती. ह्यांनी नवी तार घातली, तर तीही तिथंच तापली आणि जळका वास सुटला.

"म्हणजे खोट तारेत नाही," हे म्हणाले. मग त्यांनी तार सोडवली आणि तिचं टोक सांगाड्याला इथं तिथं टेकवून पाहिलं. दिवा लागेना.

मी सांगाड्याकडे नीट पाहिलं. आमच्या घराच्या खांबांसारखा काळा, चकचकीत. आणि एकदम मामंजींची बोटं आठवली. गेले काही दिवस त्यांची सालं निघत होती आणि ते गुपचूप तूप चोळत होते.

आमच्याकडे दर वैशाखात खांबांना, दारांना काजूच्या टरफलांचं तेल कढवून लावत, वाळवी लागू नये म्हणून. ते तेल हाताला लागलं की कातडी सोलते. हे काम मामंजींचं, आणि ते चोख. दाराची कडी काढायची, तिच्याखालीसुद्धा तेल लावायचं, मग कडी परत बसवायची. मोटारसायकललाही त्यांनी तसंच केलं होतं. बोल्ट काढून, तारेखाली तेलाचा जाड थर देऊन, परत आवळलेला. विजेला परतायला केसाएवढी जागा उरली होती. सगळी तिथनंच रेटली जायची आणि तार जळायची.

मी खिळ्यानं खरवडलं, तार टेकवली. दिवा लागला.

ह्यांनी ओटीवर बसलेल्या मामंजींकडे पाहिलं. ते खाली बघत म्हणाले, "पावसात गंजली असती रे. मग सूनबाई आईकडे गेली कशी असती?"

मामंजी उठले, सुरी आणली आणि बोल्टाखालचं तेल स्वतः खरवडलं, लोखंड पांढरं दिसेपर्यंत. "विहीणबाईंना सांग, खोळंबा माझ्यामुळं झाला."

आईला सांगितलं, तशी ती हसली. किती दिवसांनी हसली. म्हणाली, "इवायांना म्हणावं, माज्या दाराला बी लावा की ते तेल. माज्या मागं हितं बघनारं कोन हाय?"

हे मी घरी सांगितलं, तेव्हा मामंजी नुसतं हूं म्हणाले.

पाऊस लागायच्या आत आई गेली. तेरावं झालं आणि मामंजी तेलाचं मडकं घेऊन बैलगाडीनं पोलादपूरला गेले. माझ्या माहेरच्या एकेक दाराची कडी काढून, खाली तेल लावून आले. बोटं पुन्हा सोलली होती. त्या खेपेला तूप मी चोळलं.